वयाची अट आणि तिच्या आडची दुसरी अट

पुणे, तळेगाव, नेरळ अशा भागांत गेल्या काही वर्षांत 'फक्त ज्येष्ठांसाठी' असलेल्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती वाढल्या आहेत. घर घेणाऱ्या जोडप्यापैकी किमान एकाचे वय ५५ किंवा ६० पूर्ण झालेले हवे, ही पहिली अट. त्या बदल्यात स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडे, रात्री बोलावली तर येणारी नर्स, खाली सामाईक जेवणघर. मुले आणि नातवंडे पाहुणी म्हणून येऊ शकतात, कायमची राहू शकत नाहीत.

आपल्या घरांत या जाहिरातीवर बहुतेक वेळा एकच प्रतिक्रिया येते: तौबा! आई-बापाला घराबाहेर काढायचे हे नवे निमित्त. ज्यांची मुले परदेशात आहेत असे अनेक ज्येष्ठ मात्र म्हणतात, रिकाम्या फ्लॅटमध्ये पडून राहण्यापेक्षा चार समवयस्कांत राहिलेले काय वाईट? तिसरा आक्षेप वेगळाच आहे. वयानुसार माणसे वेगळी वसवली, तर पिढ्यांचा एकमेकांशी संबंध तुटतो, आणि म्हाताऱ्यांची एक वेगळीच वस्ती तयार होते.

या तिन्ही मतांत तथ्य आहे. पण आणखी एक प्रश्न आहे, आणि तो तरुण मुसलमानांनी विचारला नाही तर दुसरे कोणी विचारण्याची शक्यता कमी आहे. घराच्या दारावर एक अट लावायची मुभा दिली, की तिच्या आडून आणखी कोणत्या अटी आत शिरतात? आमचे म्हणणे थोडक्यात असे: वयाची अट मान्य करता येईल, पण तिच्या मर्यादा कायद्याने आखलेल्या असतील आणि धर्म, जात, आहार या अटींना त्याच कायद्याने मनाई केली असेल, तरच.

हा वाद जिथे सर्वांत जास्त काळ चालला त्या अमेरिकेकडे आधी पाहू. ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ १९५४ साली यंगटाउन नावाची वसाहत निवृत्त लोकांसाठी उभी राहिली. तिच्या शेजारीच १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बिल्डरने सन सिटी खुली केली. नमुन्याची पाच घरे, गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव, दुकाने. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख लोक ती पाहायला आले. मुलांच्या गराड्यातून सुटून स्वतःच्या मर्जीने जगायची ओढ किती मोठी होती, हे त्या गर्दीने दाखवून दिले. म्हातारपण म्हणजे कोपऱ्यातली खाट, या समजुतीला तिथल्या लोकांनी छेद दिला, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही.

पण त्याच सन सिटीने दुसरी बाजूही दाखवली. आपल्या वसाहतीत मुले नाहीत, मग शाळांसाठी कर कशाला भरायचा, असा सूर तिथे निघाला. ज्या पिओरिया शाळा जिल्ह्यात ही वसाहत मोडत होती, तिथे शाळांसाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव ज्येष्ठांच्या मतांमुळे एकामागून एक पडले. वाढत्या लोकसंख्येच्या त्या जिल्ह्याला नव्या शाळांची गरज होती. शेवटी १९७० च्या दशकात सन सिटी त्या शाळा जिल्ह्यातून वेगळी काढण्यात आली. भिंतीच्या आतल्यांना बाहेरच्या मुलांशी देणेघेणे उरले नाही की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

यंगटाउनची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९० च्या दशकात एक किशोरवयीन मुलगा सावत्र वडिलांच्या मारहाणीला कंटाळून तिथे आपल्या आजी-आजोबांकडे राहायला आला. वयाचा नियम मोडला म्हणून नगर प्रशासनाने नोटीस काढली, नातू ठेवाल तर दंड भरा, असे बजावले. आजी-आजोबा हटले नाहीत. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेले, आणि १९९८ साली यंगटाउनमधली वयाची अटच संपली. जे गाव निवृत्तांच्या वसाहतीची सुरुवात म्हणून ओळखले जाते, तिथेच एका नातवाने ही भिंत पाडली.

यातला कायद्याचा भाग आपल्यासाठी सर्वांत उपयोगाचा आहे. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश या कारणांवरून भेद करायला बंदी घातली. पुढे त्यात लिंगभेदाची भर पडली. १९८८ च्या दुरुस्तीने अपंगत्व आणि कुटुंबात लहान मुले असणे ही दोन कारणे जोडली. म्हणजे 'मुले असलेल्यांना घर देत नाही' असे म्हणणे बेकायदा ठरले. मग ज्येष्ठांच्या वसाहतींचे काय? त्यांच्यासाठी सवलत ठेवली गेली, आणि १९९५ च्या कायद्याने ती आणखी सोपी केली. सगळे रहिवासी ६२ वर्षांवरचे असतील, किंवा राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत एक तरी व्यक्ती ५५ वर्षांवरची असेल, तर ती वसाहत लहान मुलांच्या कुटुंबांना नकार देऊ शकते. ५५ वर्षांच्या वसाहतीने आपले धोरण जाहीर करायचे, त्यानुसार वागायचे आणि रहिवाशांच्या वयाची वेळोवेळी पडताळणी करायची, अशा अटी आहेत.

ही सवलत फक्त एकाच गोष्टीपुरती आहे, हे लक्षात घ्या. सन सिटीचा विक्रेता 'तुमची मुले लहान आहेत' म्हणून घर नाकारू शकतो. 'तुम्ही काळे आहात', 'तुम्ही मुसलमान आहात' असे म्हणून नाकारू शकत नाही. तिथे भेदभाव होतच नाही असे आमचे म्हणणे नाही. पण झाला तर दाद मागायला कायद्याचा पाया आहे. आधी भेदभावाला सर्वसाधारण बंदी, मग त्या बंदीतून वयासाठी एक मोजून-मापून दिलेली सूट, असा तिथला क्रम आहे.

आपल्याकडे सूट दिली जाते आहे, पण जिच्यातून सूट द्यायची ती बंदीच नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरचे लोक सुमारे १०.४ कोटी होते. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण ज्येष्ठ असेल, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ च्या अहवालात मांडला आहे. त्यामुळे अशा घरांची मागणी वाढणार, हे उघड आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. महारेराने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले: लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे रुंद दरवाजे, पायऱ्यांऐवजी उतार, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. हे सगळे स्वागतार्ह आहे. 'ज्येष्ठांसाठी' अशी पाटी लावून साधाच फ्लॅट विकणाऱ्यांना त्यामुळे आळा बसेल. पण या निकषांचा भर इमारत कशी असावी यावर आहे. तिचे दार कोणाला बंद करता येणार नाही, हा त्यांचा विषय नाही.

राज्यघटनेचे कलम १५ धर्म, जात, लिंग यांवरून भेद करायला राज्यसंस्थेला मनाई करते. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, रस्ते यांच्याबाबतीत ती मनाई नागरिकांनाही लागू आहे. खासगी घराचा त्या यादीत उल्लेख नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण आले. सभासदत्व फक्त पारशांनाच, असा तिचा उपविधी होता. न्यायालयाने तो वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सभासद कोण हे ठरवणेही येते, असा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याचे कलम २३ पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही असे सांगते. पण दार त्याच्या कितीतरी आधी, एजंटच्या पहिल्या फोनवरच बंद होते. शिवाय ज्येष्ठांच्या अनेक प्रकल्पांत घर विकत मिळत नाही. ठेव भरून राहण्याचा हक्क मिळतो, सेवांचा करार कंपनीशी असतो. तिथे सहकार कायद्याचा हा आधारही पोहोचत नाही.

घर शोधताना मुसलमान नाव सांगितल्यावर काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात त्याची नोंद घेतली. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुसलमान नावांनी घरे मागितली गेली. दलितांना नकार आला, मुसलमानांना त्याहून जास्त आला. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा कसे वाढले, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरचाच इतिहास आहे.

आता या पार्श्वभूमीवर ज्येष्ठांची वसाहत ठेवून पाहा. तिथे सामाईक जेवणघर असते, म्हणजे 'फक्त शाकाहारी' ही अट स्वयंपाकघराच्या सोयीच्या नावाखाली येऊ शकते. प्रवेशाआधी मुलाखत असते, म्हणजे 'आमच्या रहिवाशांशी जुळवून घेतील का' हा प्रश्न विचारता येतो. प्रार्थनेची खोली असते, तिच्यात प्रार्थना कोणाची हे आधीच ठरलेले असू शकते. यांपैकी कुठेही 'मुसलमान नको' असे लिहावे लागत नाही. तरुणपणी भाड्याच्या घरासाठी दहा दारे ठोठावलेल्या माणसाला सत्तराव्या वर्षी पुन्हा तीच दारे ठोठवावी लागतील, आणि या वेळी त्याच्या अंगात तेवढे बळ नसेल.

काही वाचक म्हणतील, आपल्याला अशा घरांची गरजच काय? आई-वडिलांची खिदमत हे आपले कर्तव्य आहे. सूरह बनी इस्राईलमधला त्याबद्दलचा आदेश आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. त्या आदेशाबद्दल आमचे दुमत नाही. तो पाळतो कोण, हे मात्र विचारायला हवे. प्रत्यक्षात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे कपडे बदलणारी, सासूला वेळेवर इन्सुलिन देणारी घरची सून असते, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. सवाब मुलाच्या नावावर, मेहनत बाईच्या. सासू-सासऱ्यांची सेवा ही सुनेवर शरईदृष्ट्या सक्तीची नाही, असे अनेक आलिमही सांगतात. तिने ती मायेने केली तर तो तिचा मोठेपणा आहे. पण एका बाईच्या न मोजलेल्या कष्टांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला 'आपली तहजीब' म्हणून मिरवणे बरोबर नाही.

दुसरी बाजू कोकणात दिसते. रत्नागिरी, रायगडच्या मुस्लिम गावांत आखातातल्या कमाईवर बांधलेली मोठी घरे आहेत, आणि त्यांत दोन म्हातारी माणसे राहतात. मुलगा दुबईत किंवा दोहात आहे. आई-वडिलांना तिकडे नेऊन ठेवायचे तर पगाराच्या, विम्याच्या अटी असतात, आणि त्या देशांत कायमचे स्थायिक होणे जवळपास अशक्य असते. रोज व्हिडिओ कॉल होतो, दर महिन्याला पैसे येतात. पण रात्री छातीत कळ आली तर शेजाऱ्याला उठवून गाडी काढावी लागते. या मुलांनी आई-वडिलांना टाकलेले नाही. त्यांना जवळ राहून सांभाळणे त्यांच्या हातात नाही, एवढेच. त्यांच्यापुढे चांगला पर्याय असेल आणि आई-वडिलांना स्वतःला तो हवा असेल, तर त्याला पाप ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? यात 'त्यांना स्वतःला' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. म्हातारी माणसे कुठे राहतील हे बहुतेक घरांत मुले ठरवतात. अब्बा-अम्मींना विचारले जात नाही, सांगितले जाते.

हेही मान्य करायला हवे की जाहिरातीतली घरे आपल्यातल्या मूठभरांनाच परवडतील. यंत्रमागावर किंवा हातगाडीवर आयुष्य गेलेल्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा आहे. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. स्वतःचा खर्च भागवू न शकणारे आई-वडील मुलांकडून निर्वाह खर्च मागू शकतात. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठ राहू शकतील असे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. मात्र तिथे सरकार ते उभारू 'शकेल' असा शब्द आहे, आणि त्या एका शब्दाच्या आडोशाने बरेच काही टळते. ज्येष्ठांच्या घरांवरची चर्चा बिल्डरच्या माहितीपत्रकापुरती राहिली, तर गरीब म्हातारा तिच्यात कुठेच नसेल.

मग आपण आपल्याच ज्येष्ठांसाठी वेगळी वसाहत का बांधू नये, असाही विचार पुढे येईल. हलाल जेवण, शेजारी मशीद, आपली माणसे. २००५ च्या निकालाने तशी मुभा दिलेलीच आहे. ही इच्छा आम्हाला समजते. ज्याला सगळीकडून नकार येतो तो स्वतःच्या माणसांत आसरा शोधणारच. तरीही दारावर 'फक्त मुसलमान' लिहायला आमचा विरोध आहे. ज्या नियमाने आपल्याला बाहेर ठेवले, तोच नियम आपण स्वतःच्या दारावर लावला, की समोरच्याच्या दारावरच्या पाटीला हरकत घेण्याचा नैतिक अधिकार आपण गमावतो. हलाल जेवण देणारी, नमाजला जागा असलेली वसाहत जरूर असावी. तिचे दार मात्र सगळ्या ज्येष्ठांना उघडे असावे. वक्फच्या जमिनींचा मूळ हेतू गरजूंना आधार हाच आहे. तिथे ज्येष्ठांसाठी परवडणारी घरे उभी राहिली, आणि त्यांत शेजारच्या वस्तीतली एखादी एकटी विधवा धर्म न विचारता राहू शकली, तर त्या हेतूला ते साजेसेच होईल.

वयाची अट आणि पिढ्यांची सोबत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे सिंगापूरने दाखवले आहे. तिथल्या कांपुंग ॲडमिरल्टी या सरकारी प्रकल्पात ज्येष्ठांसाठी राखीव सुमारे शंभर छोटी घरे आहेत. त्याच इमारतीत दवाखाना आहे, खाण्याच्या टपऱ्यांचे मोठे दालन आहे, आणि लहान मुलांचे पाळणाघरही आहे. घरे वयानुसार राखीव आहेत, पण तिथला रोजचा वावर सगळ्या वयांचा आहे. शहराबाहेर, भिंतीआड वसाहत बांधण्यापेक्षा भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, कोंढवा अशा गजबजलेल्या वस्त्यांत, जिथे म्हाताऱ्यांचे दोस्त आणि दुकानदार ओळखीचे आहेत, तिथेच अशी काही घरे राखून ठेवणे जास्त माणुसकीचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांच्या नियमांत आणि नोंदणीच्या अटींत, धर्म, जात, भाषा, आहार किंवा वैवाहिक स्थिती या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे कलम घालावे. प्रवेशाचे निकष आधीच जाहीर करावेत आणि नकाराचे कारण लेखी द्यावे. सामाईक जेवणघर शाकाहारी असले, तरी स्वतःच्या घरात कोणी काय शिजवावे यावर बंधन नसावे. अनाथ किंवा संकटातल्या नातवंडाला आजी-आजोबांकडे राहावे लागले, तर त्याला अपवाद असावा. आणि कलम १९ मधली जिल्ह्याजिल्ह्यांतली वृद्धाश्रमांची तरतूद सरकारने मनावर घ्यावी. यांपैकी पहिल्या मागणीचा फायदा फक्त मुसलमानांना होणार नाही. दलित, एकट्या बाया, मासे खाणारा कोकणी माणूस, सगळ्यांनाच तो होईल.

तरुण वाचकांकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. तुमच्या जिल्ह्यात सरकारी वृद्धाश्रम आहे का आणि त्यात किती जण राहतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तुमच्या शहरातल्या ज्येष्ठ-प्रकल्पांचे प्रवेशाचे नियम मागवून वाचा. आणि घरी अब्बा-अम्मींना, दादी-नानीला एकदा नीट विचारा की त्यांना कुठे आणि कोणासोबत राहायला आवडेल. उत्तर 'इथेच, तुमच्याजवळ' असे आले, तर रोजची खिदमत घरातल्या बायांवर न टाकता वाटून घ्या. उत्तर वेगळे आले, तर शरम वाटून घेऊ नका. मात्र त्यांनी निवडलेल्या घराच्या दारावर वय विचारले जावे आणि धर्म विचारला जाऊ नये, यासाठीची लढाई तुमची आहे. आज ती त्यांच्यासाठी आहे, आणखी तीस-चाळीस वर्षांनी त्या दारात तुम्ही उभे असाल.